अंगणातील अनोळखी भुंगे

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की त्या रात्री ओसरीवरच्या दिव्याखाली जी सभा भरते, तिचे आमंत्रण कोणी दिलेले नसते. पंख फुटलेल्या वाळव्या येतात, पतंग येतात, हिरवे नाकतोडे येतात. आणि मधूनच ‘टप्’ असा आवाज होऊन एक काळाकभिन्न गोळा फरशीवर उताणा पडतो. सहाही पाय हवेत हलवीत तो स्वतःभोवती गरगर फिरू लागतो. घरातील आजी म्हणते, “भुंगा आहे रे, हात लावू नका.” नातू विचारतो, “कसला भुंगा?” आणि त्याला उत्तर मिळण्यापूर्वीच घरातला कर्ता पुरुष पायातली वहाण काढतो.

वस्तुतः त्या तिघांत प्रश्न विचारणाराच शहाणा असतो. वहाणेखाली गेलेला जीव परसातल्या माडाचा हाडवैरी असू शकेल. त्याचप्रमाणे तो गोठ्यातले शेण जमिनीत मुरविणारा बिनपगारी सेवकही असू शकेल. दोघेही काळे, दोघेही अंगठ्याएवढे, दोघांच्याही डोक्यावर शिंग. वैरी समजून सेवकाला मारले, तर नुकसान थोडे. सेवक समजून वैऱ्याला सोडून दिले, तर ते थोडे जास्त. परंतु सर्वांत मोठे नुकसान होते ते काहीच न समजता सर्वांवर सरसकट विष फवारल्याने, आणि हल्ली तोच प्रकार अधिक होतो.

हा प्रश्न अवघड वाटण्याचे एक कारण मराठी भाषेतच आहे. ‘भुंगा’ हा शब्द मराठीने फार सैल हाताने वापरला. कवींनी कमळात कोंडून ठेवलेला भुंगा, आणि माजघराच्या वाशाला वाटोळे भोक पाडून आत शिरणारा, उन्हात निळसर पंख चमकविणारा भुंगा, हे मधमाशीच्या गोतावळ्यातले. कडधान्याला जो ‘भुंगा लागतो’ त्याचा या मंडळींशी काही संबंध नाही. दिव्याखाली पडणाऱ्या काळ्या गोळ्याशी मात्र आहे. हा घोटाळा टाळण्यासाठी कीटकशास्त्रावरील मराठी पुस्तकांनी ‘भुंगेरा’ असा शब्द चालविला. शब्द चांगला आहे. पण माजघरात तो अजून शिरलेला नाही.

भुंगेरा ओळखण्याची पहिली खूण पाठीवर असते. त्याच्या पंखांच्या दोन जोड्यांपैकी पुढची जोडी उडण्यासाठी नसून झाकणासाठी असते. ती कठीण, बहुधा चकचकीत असते आणि मिटली म्हणजे पाठीच्या मधोमध एक सरळ रेघ उमटते, जणू एखाद्या पेटीची दोन झाकणे बरोबर जुळली आहेत. उडायची वेळ आली, की ही झाकणे उचलली जातात आणि त्यांच्याखालून घडी घातलेले पातळ पंख उलगडतात. ॲरिस्टॉटलने या कीटकांना ‘म्यानात पंख असलेले’ अशा अर्थाचे नाव दिले होते. शास्त्रात तेच आज कोलिऑप्टेरा म्हणून रूढ आहे. झुरळाचे पंख एकमेकांवर येतात. त्याच्या पाठीवर अशी सरळ रेघ नसते. ढेकणाच्या वर्गातील पंखवाले कीटक, उदाहरणार्थ भेंडी-कापसावरील तांबडे-काळे ढेकूण, पाठीवर पंख तिरपे टाकतात; तेथे रेघेऐवजी फुलीसारखा आकार दिसतो. शिवाय त्यांचे तोंड म्हणजे पोटाखाली दुमडलेली रस शोषणारी सुई. भुंगेऱ्याला जबडे असतात. तो कुरतडतो, चावतो, शोषीत नाही.

एवढे ठरले, तरी पुढचा रस्ता लांबचा आहे. शास्त्राने आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींना नावे दिली आहेत. नाव मिळालेल्या एकूण प्राण्यांचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होय. गेल्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवर जी ग्रंथमाला निघाली, तिच्यातील शिंगाळ्या आणि शेणातल्या भुंगेऱ्यांचे खंड गिल्बर्ट ॲरो याने लिहिले. पहिला १९१० मध्ये, दुसरा १९१७ मध्ये आणि तिसरा १९३१ मध्ये. म्हणजे एका शाखेचे वर्णन पुरे करावयास एका माणसाची वीस वर्षे खर्ची पडली. तेव्हा ओसरीवर बसून जातीचे पूर्ण नाव सांगता आले नाही, तर त्यात कमीपणा नाही. घरमालकाला नाव हवे असते ते कशासाठी? हा जीव काय खातो, आणि त्याची पोरे काय खातात, हे कळावे म्हणून. त्यासाठी जात कळण्याची गरज नसते. घराणे कळले तरी बहुतेक वेळा काम भागते.

गोव्यातील किंवा कोकणातील एखादे अंगण डोळ्यांसमोर आणावे. चार माड, एक आंबा, गोठा, गोठ्याच्या मागे शेणाचा उकिरडा. येथे दिव्यावर येणारा सर्वांत बलदंड पाहुणा म्हणजे गेंडा भुंगा. दीड ते दोन इंच लांब, काळा किंवा गर्द तपकिरी, डोक्यावर मागे वळलेले एकच शिंग. नराचे शिंग लांब, मादीचे आखूड. पण शिंगावर विसंबू नये, कारण खुरटलेल्या नराचे शिंगही आखूडच राहते. मादी ओळखावी ती तिच्या शेवटच्या टोकावरील तांबूस केसांच्या झुबक्यावरून. लिनियसने १७५८ मध्येच या किड्याला गेंड्याचे नाव दिले, आणि ते त्याला शोभते.

हा रात्रीचा चोर आहे. माडाच्या शेंड्यातील न उलगडलेल्या कोवळ्या कोंबात तो भोक पाडून शिरतो, आतला गाभा चावून रस पितो आणि चोथा बाहेर ढकलतो. त्या वेळी खालून कोणालाच काही दिसत नाही. पुढे तो कोंब उलगडून झावळ झाली, की तिची पाती कात्रीने तिरपी कापल्यासारखी दिसतात. मुले कागदाची घडी घालून एका कोपऱ्यात कापतात आणि उलगडल्यावर नक्षी निघते, तसाच हा प्रकार. नारळ पाडायला चढलेला पाडेली ही नक्षी प्रथम पाहतो. त्याने खाली उतरून सांगितले, तर ते नीट ऐकून घ्यावे. शेंड्याच्या भोकाशी ताजा चोथा असला, तर चोर अजून घरातच आहे. लोखंडी आकड्याने त्याला बाहेर ओढता येतो, आणि ही जुनी रीत आजही निकामी झालेली नाही.

या एका भुंग्याने सबंध बेटे हवालदिल केली आहेत. १९०९ मध्ये सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर तो पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर नकळत पोहोचला. तेथे त्याला खाणारे कोणी नव्हते, माड मात्र किनाऱ्याभर होते. पुढे शेजारच्या अनेक बेटांवर तो पसरला. त्याला आवर घालणारा रोग अखेर सापडला तो मलायात. १९६३ मध्ये आलोइस ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाला तेथील आजारी अळ्यांत एक विषाणू आढळला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडण्यात आला आणि भुंग्यांची संख्या उतरू लागली. ज्या देशांत हा भुंगा मूळचाच आहे, तेथे माड अजून उभे आहेत, याचे बरेचसे श्रेय अशा अदृश्य रोगांना आणि अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना द्यावे लागते.

आता त्याचा तोतया. गोठ्याजवळच्या दिव्यावर याच आकाराचा, याच रंगाचा, डोक्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला आणखी एक भुंगेरा येतो. तो शेणकिड्यांतला सर्वांत मोठा. घाईत पाहणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. दोघांना वेगळे करणारी खूण लहान आहे, परंतु निश्चित आहे. पाठीवरची दोन झाकणे मानेकडे जेथे मिळतात तेथे गेंडा भुंग्याला एक स्पष्ट त्रिकोणी पाचर बसविलेली असते. या मोठ्या शेणकिड्याच्या पाठीवर ती दिसत नाही. झाकणांची रेघ थेट मानेला जाऊन भिडते. शिवाय शेणकिड्याचे डोके पुढून फावड्यासारखे रुंद आणि चपटे असते, आणि उताणा करून पाहिल्यास मधल्या पायांच्या जोडीची मुळे एकमेकांपासून बरीच दूर असतात. हे फावडे, हे फाकलेले पाय, सारे खोदकामासाठी आहे.

हा प्राणी शेणाच्या पोखाली बीळ खणतो, शेण आत ओढून नेतो, त्याचे गोळे वळतो, त्यांवर मातीचा लेप देतो आणि एकेका गोळ्यात एकेक अंडे ठेवतो. गोळा मोठ्या मोसंब्याएवढा असू शकतो. अळीचे सारे बालपण त्या एका शिदोरीवर निभते; उरलेले खत झाडांच्या मुळांना मिळते. हे काम न झाल्यास काय होते, ते ऑस्ट्रेलियाने अनुभवले आहे. १७८८ मध्ये तेथे प्रथम गाई पोहोचल्या. तेथील मूळच्या शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईच्या ओल्या पोकडे ते फिरकत ना. शेण कुरणांवर महिनोन्महिने वाळत पडे, त्याखालचे गवत मरे आणि माश्यांचे थवे उठत. जॉर्ज बोर्नेमिस्सा या हंगेरीत जन्मलेल्या कीटकशास्त्रज्ञाने हे कारण ओळखले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशांतील शेणकिडे तेथे सोडण्यात आले. जे विकत आणून, निर्जंतुक करून, जपून सोडावे लागले, ते भारतातील गोठ्यामागे फुकट राबत असते. गुरांना दिलेली काही जंतनाशके शेणावाटे बाहेर पडून त्यांच्या अळ्यांना मारतात, एवढे गवळ्याला ठाऊक असावे.

माडाच्या अंगणात दुसराही एक भुंगेरा येतो. तो दिव्यावर क्वचितच दिसतो आणि म्हणूनच अधिक घातक ठरतो. सव्वा इंच लांब, विटकरी तांबडा, आणि तोंडाच्या जागी लांब वाकडी सोंड. हाच लाल सोंड्या भुंगा. त्याला प्रथमच पाहणारा चक्रावतो. परंतु ज्या गृहिणीने तांदूळ निवडताना सुपातले इवलेसे सोंडे पाहिले आहेत, तिला तो तत्काळ ओळखता यावा. रूप तेच, फक्त दहापट मोठे. दोघे खरोखरच जवळचे भाऊबंद आहेत. एक दाणा पोखरतो, दुसरा माड.

या सोंडेच्या टोकाशी जबडे असतात. मादी माडाच्या जखमेत अंडी घालते: कोयत्याचा घाव, झावळ ओढून काढल्याची जागा, किंवा गेंडा भुंग्याने आधीच पाडलेले भोक. म्हणजे पहिल्या चोराने तोडलेल्या दारातून दुसरा आत शिरतो. त्याच्या अळ्यांना पाय नसतात. त्यांची गरजही नसते, कारण चहूकडे अन्नच असते. खोडाला कान लावला, तर आतील कुरतडण्याचा आवाज कधी कधी ऐकू येतो. खोडावरून तपकिरी चिकट रस ओघळतो, आंबूस वास सुटतो आणि एके दिवशी वारा नसताना शेंडा कलंडतो. त्या वेळी करण्यासारखे काही उरत नाही. १९८० च्या दशकात खजुरीच्या झाडांबरोबर हा भुंगा अरबस्तानच्या आखाती देशांत गेला, १९९० च्या दशकात इजिप्त आणि स्पेनपर्यंत पोहोचला, आणि आज भूमध्य समुद्राभोवतीचे बागवान त्याच्या नावाने घाबरतात. अंगणात मेलेला असा एखादा तांबडा सोंड्या सापडला, तर त्याला केरात टाकण्याऐवजी वर पाहावे आणि प्रत्येक माडाचा बुंधा तपासावा. गेंडा भुंगा बहुधा माडाला दुखवितो. हा मारतो.

ओसरीवर येणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी माणसाच्या अंगावर उठणारे दोन ठाऊक असणे आवश्यक आहे. पहिला इतका लहान, की त्याला कोणी भुंगेरा समजतच नाही. मुंगीसारखा निमुळता, पाऊण-एक सेंटिमीटर लांब, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा. झाकणे आखूड, निळसर, पोट अर्धे उघडे. पावसाळ्यात भातखाचरांजवळच्या घरांत तो दिव्यावर येतो. तो चावत नाही, दंशही करीत नाही. झोपेत मानेवर आलेला हा किडा हाताने चिरडला, की त्याच्या अंगातील दाहक रस कातडीवर पसरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेथे भाजल्यासारखा लांबट चट्टा उठतो. लोक म्हणतात, कोळी मुतला. कोणी म्हणते, नागीण उठली. नागिणीचे उपचारही सुरू होतात. वास्तविक त्याला चिरडू नये, फुंकरीने उडवावे. चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवावी आणि तोच हात डोळ्याला लावू नये. शेतात हा मात्र लहान किडींचा भक्षक आहे.

दुसरा, काळ्या झाकणांवर नारिंगी आडवे पट्टे असलेला. भेंडी, तूर आणि जास्वंद यांच्या फुलांवर तो भरदिवसा निर्धास्त बसतो. इतके भडक कपडे घालून उघड्यावर बसणाऱ्या किड्याजवळ बहुधा काहीतरी हत्यार असते. याला चिमटीत धरल्यास सांध्यांतून पिवळसर थेंब निघतो आणि कातडीवर फोड येतात. फुलांचा तो नाश करतो हे खरे. परंतु त्याच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खाऊन वाढतात. एकाच जीवाच्या नावावर जमा आणि खर्च असे दोन्ही मांडावे लागते.

याच्या उलट गैरसमज ढालकिड्यांविषयी आहे. भाताची कापणी झाल्यावर गोव्यात अळसांद्यांचे मळे लागतात. त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला, की पाठोपाठ वाटोळे, तांबडे, काळ्या ठिपक्यांचे चकचकीत ढालकिडे येतात. हे मावा खातात, एवढे आता अनेकांना ठाऊक झाले आहे. परंतु त्यांची अळी कोणी ओळखत नाही. ती लांबट, काळपट, पाठीवर नारिंगी डाग आणि काटे असलेली, लहानशा सुसरीसारखी दिसते. मोठ्यांचे स्वागत आणि पोरांची कत्तल, असा प्रकार मळ्यामळ्यातून चालतो. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला एक ढालकिडा तर याहून दुर्दैवी. पिठ्या ढेकूण हे त्याचे भक्ष्य. त्याच्या अळीच्या अंगावरही तसेच पांढरे मेणचट झुपके असतात. पेरूवरील पिठ्या पुसून काढताना तिलाही पिठ्याच समजून पुसले जाते. पाय पाहावेत: पिठ्या जागचा हलत नाही म्हटले तरी चालेल, अळी झपझप चालते.

तथापि सर्वच ढालकिडे साधू नव्हेत. वांग्याच्या पानांची चाळण करणारा, अठ्ठावीस ठिपक्यांचा ढालकिडा त्यांच्याच घराण्यातला कुलांगार आहे. ठिपके मोजण्याची तसदी घेण्याचे कारण नाही. मावा खाणाऱ्याची पाठ आरशासारखी चमकते. या पाने खाणाऱ्याच्या पाठीवर बारीक लव असते आणि रंग मंद, धुरकट दिसतो. त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते. वांग्याच्या पानावर पिवळी काटेरी अळी दिसली, तर तिला खुशाल वेचून काढावे.

ओळखीचा प्रश्न केवळ घरापुरता राहत नाही, याचे एक उदाहरण बेळगाव-धारवाडच्या शेतकऱ्यांना स्मरत असेल. १९५० च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नजरेस आलेले गाजरगवत पुढे देशभर माजले. त्याला खाणारा एक लहान भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणण्यात आला आणि प्रयोगशाळेतील परीक्षेनंतर १९८४ मध्ये सोडण्यात आला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी उभ्या रेघा, लांबी जेमतेम पाव इंच. काही वर्षांनी तो सूर्यफुलाच्या पानांवर बसलेला आढळला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी मोठा गहजब उडाला: तण खाण्यासाठी आणलेला किडा आता पीक खाणार! शास्त्रज्ञांनी पुन्हा तपास केला. तो सूर्यफुलाचे पान कुरतडतो, हे खरे ठरले. पण त्याचा वंश वाढतो तो गाजरगवतावर. आज पावसाळ्यात रस्त्याकडेच्या गाजरगवतावर या रेघाळ भुंगेऱ्यांची गर्दी दिसते. नवीन, अनोळखी, परदेशी, म्हणून तो मारला जाण्याचा संभव इतर कोणाहूनही अधिक. आणि गाजरगवतापायी ज्यांना खाज आणि धाप सोसावी लागते, त्यांना तो सर्वांत उपयोगी.

अनोळखी भुंगेरा सापडल्यास त्याच्यावर काचेचा पेला उपडा घालावा, पेल्याखालून पोस्टकार्ड सरकवावे आणि सकाळपर्यंत थांबावे. रात्रीच्या उजेडात रंग फसवितात. सकाळी पाहावे: मिशांच्या टोकाशी पंख्यासारखी पाने आहेत का? असल्यास तो गेंडा भुंगा, शेणकिडा, हुमणी यांच्या घराण्यातला. मिशा अंगाएवढ्या किंवा अंगाहून लांब आहेत का? मग बहुधा लाकूड पोखरणाऱ्यांपैकी, आणि आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडला आहे काय, ते पाहणे आले. सोंड आहे का? कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेस, दिवसा की रात्री सापडला? मोबाइलने छायाचित्र घ्यावयाचे, तर एक वरून आणि एक बाजूने घ्यावे, शेजारी नाणे ठेवावे. त्या यंत्रात नाव सुचविण्याची सोयही आता असते; ते नाव घराण्यापुरते बहुधा बरोबर निघते, जातीच्या बाबतीत मात्र वारंवार चुकते. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखविणे अधिक भरवशाचे. तेथे जाताना नुसता किडा नेऊ नये, त्याने खाल्लेले पानही न्यावे. तज्ज्ञ पुष्कळदा किड्याआधी पान पाहतात.

जिवंत पाहण्याचे आणखी एक कारण आहे. रताळ्याच्या आणि बेशरमाच्या पानांवर सोन्याच्या थेंबासारखा एक कासवाच्या आकाराचा भुंगेरा असतो. त्याला मारून डबीत ठेवल्यास दोन दिवसांत सोने जाऊन वाळलेल्या पानाचा रंग उरतो, कारण ती झळाळी त्याच्या झाकणातील ओलाव्यावर अवलंबून असते. याउलट बाभळीवरील सोनकिडा, ज्याला खेड्यातील मुले काड्याच्या पेटीत पाला घालून ठेवीत, त्याचे हिरवे तेज रंगाचे नसून पापुद्र्यांच्या रचनेचे असते. ते मरणानंतरही जात नाही. हैदराबाद, मद्रास या शहरांतील कारागीर ही झाकणे मलमलीवर टाकून भरतकाम करीत, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या वस्त्रांवर ती आजही काल लावल्यासारखी चमकतात.

अंगणातल्या जीवांकडे असे कुतूहलाने पाहणारा एक माणूस याच भागात होऊन गेला. सातारा येथे १८५१ मध्ये जन्मलेला एडवर्ड एटकेन मीठ आणि जकात खात्यात नोकरीस होता. कारवारच्या बाजूस त्याची अनेक वर्षे गेली. ‘एहा’ या नावाने त्याने बंगल्याभोवतीच्या मुंग्या, बेडूक, पाली आणि किडे यांवर १८८३ मध्ये एक विनोदी पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास संस्थेच्या संस्थापकांपैकी तो एक होता. त्याच्या साहेबी नजरेतील थोडा वरचढपणा आज खटकतो. परंतु पाहण्यापूर्वी मारावयाचे नाही, ही शिस्त त्याने पाळली होती.

राहता राहिला उकिरडा. उन्हाळ्यात शेणखत उपसताना त्यात बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या निघतात, आणि ‘हुमणी, हुमणी’ असा ओरडा होतो. खरी हुमणी जिवंत मुळे खाते. ती उसाच्या आणि भुईमुगाच्या शेतात सापडावयाची. तिचे तपकिरी भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडील गावांत त्या वेळी लोक एकत्र जमून फांद्या हलवितात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. उकिरड्यातील अळ्या बहुधा दोन वेगळ्याच घराण्यांच्या असतात. एक गेंडा भुंग्याची. तिला वाढू दिल्यास चार-सहा महिन्यांनी ती माडाच्या शेंड्यावर जाणार. दुसरी फुलांवर बसणाऱ्या हिरव्या-तपकिरी भुंगेऱ्याची. ती पालापाचोळ्याचे उत्तम खत करते आणि कोणाचेही काही बिघडवीत नाही.

रंगावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्यांना एका सपाट पत्र्यावर ठेवावे आणि क्षणभर थांबावे. गेंडा भुंग्याची अळी कुशीवर पडून राहते, पाय झाडते, कष्टाने सरकते. दुसरी मात्र अंग सरळ करते, उताणी होते आणि सहाही पाय आकाशाकडे करून पाठीवरच्या केसांच्या जोरावर भराभर चालू लागते. जी पाठीवर चालेल तिला पुन्हा खतात सोडावे. उरलेल्यांसाठी कुंपणावर भारद्वाज बहुधा येऊन बसलेलाच असतो.